बेबी कॅरिअर कसे निवडावे? पाठीवर कधी, छातीशी कधी?

पावसाळा सुरू झाला की आमच्या नवी मुंबईतल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, बाळाला घेऊन फिरायला गेलो तर चालेल ना?" एकदा एक जोडपे बाळाला साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी घेऊन आले होते. बारशाला भेट मिळालेले बॅकपॅकसारखे बेबी कॅरिअर त्यांच्या सोबतच होते आणि रविवारी कर्नाळ्याला जायचे ठरले होते. बाळाला जरा त्यात बसवून दाखवा, असे मी म्हटले. मिनिटभरात बाळाची मान पुढे कलली, हनुवटी छातीला टेकली आणि श्वासाबरोबर बारीक घरघर ऐकू येऊ लागली. बाळ रडले नाही. आईला वाटले, डोळा लागला.

ते कॅरिअर महागाचे होते, शिवणही पक्की होती. पण ते त्या वयाच्या बाळासाठी नव्हते. दुकानात आपण रंग, खिसे आणि किंमत पाहतो. पाहायला हवी ती आधी बाळाची मान.

हनुवटी छातीला टेकली तर काय होते?

तान्ह्या बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. डोके अंगाच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कच्चे. डोके पुढे पडले की पाण्याचा पाइप दुमडावा तशी हवेची वाट आवळली जाते. मोठा माणूस दचकून मान वर करतो, लहान बाळाला ते जमत नाही. दुसरा धोका म्हणजे नाक-तोंड कापडात किंवा आईच्या अंगात दाबले जाणे. दोन्ही प्रकारांत बाळ आवाज न करता गुदमरू शकते, म्हणून "रडले तर कळेलच" या भरवशावर राहू नका.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये खांद्यावरच्या झोळीसारख्या कॅरिअरबद्दल इशारा दिला होता. आधीच्या २० वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. म्हणून पहिल्या चार महिन्यांत, आणि अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा सर्दी-खोकला झालेले बाळ असेल तर अधिकच, काळजी घ्यावी. अशा बाळासाठी कॅरिअर घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. ज्या झोळीत बाळ इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वाकून तळाशी बसते, ती घेऊच नका.

कोणत्या वयात कोणते?

बाळ मान धरेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, फक्त छातीशी आणि तोंड आपल्याकडे. मऊ कापडाचे, पाठीला आणि डोक्याला आधार देणारे कॅरिअर चालते, पण ते त्या वजनासाठी बनवलेले आहे का, हे लेबलवर पाहा. बाळ इतके उंचावर हवे की मान किंचित वाकवून त्याच्या कपाळाचा मुका घेता येईल. हनुवटीखाली आपली दोन बोटे सहज जावीत. चेहरा सतत दिसला पाहिजे. वरून ओढणी किंवा रेनकोट टाकून तो झाकू नका.

तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवायची अनेकांना हौस असते, फोटो छान येतात. मान पूर्ण धरल्यावर, पाच-सहा महिन्यांनंतर, थोडा वेळ चालेल. झोप आली की लगेच तोंड आत वळवा.

चौकटीचे बॅकपॅक, म्हणजे ट्रेकला वापरतात ते, बाळ आधाराशिवाय स्वतः बसू लागल्यावरच. सहा महिने हा आकडा अनेक खोक्यांवर असतो. माझा सल्ला आणखी थोडे थांबण्याचा आहे: बाळ जमिनीवर दहा-पंधरा मिनिटे न कलंडता बसते का ते घरीच पाहा. पाठीवरच्या बाळाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणून सोबत मागून चालणारे दुसरे मोठे माणूस हवेच. पाठीवर बाळ झोपले की मान एका बाजूला लोंबते. तेव्हा थांबून त्याला बाहेर काढा.

खुब्याच्या सांध्याचे काय?

आपल्या आज्या बाळाला कडेवर घेत. त्यात बाळाचे पाय फाकलेले आणि गुडघे वर राहतात. वाढत्या खुब्यासाठी ही बैठक उत्तम. कॅरिअरमध्येही हेच पाहा: बैठकीचे कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद हवे आणि गुडघे कुल्ल्यांच्या थोडे वर यायला हवेत. अरुंद पट्ट्यावर बसवून पाय सरळ खाली लोंबत असतील, तर तो नमुना मी तरी घेणार नाही. थोड्या वेळाने लगेच इजा होते असे नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत रोज तासन्‌तास तसे ठेवू नये. बाळ पायाळू जन्मले असेल किंवा घरात कुणाला जन्मतः खुब्याचा त्रास असेल तर आधी तपासणी करून घ्या. पायाळू बाळाची साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करण्याची पद्धत आहे.

घेणाऱ्याची पाठ

वर्षाच्या बाळाचे वजन ९ किलोच्या आसपास, चौकटीचे बॅकपॅक दोन-तीन किलोचे, त्यात पाणी, लंगोट, खाऊ. म्हणजे १३-१४ किलो झाले. हा भार खांद्यांवर नाही, कमरेवर यायला हवा, म्हणून कमरेचा रुंद, जाड पट्टा असलेलेच घ्या. दुकानात जाताना बाळाला न्या, भार घालून दहा मिनिटे चालून पाहा. आई आणि बाबा दोघे वापरणार असतील तर पट्टे दोघांच्या मापाला बसतात का तेही पाहा. सिझेरियन झालेल्या आईने निदान सहा आठवडे थांबावे. कमरेचा पट्टा नेमका टाक्यांवर येतो. पाठीवर बाळ असताना खालची वस्तू उचलायची तर कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. कमरेत वाकलात तर बाळ डोक्यावरून पुढे घसरू शकते.

लेबलवर युरोपचे ईएन १३२०९ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ २२३६ (मऊ कॅरिअर), एफ २५४९ (चौकटीचे) हे मानक दिसले तर चांगले. ओळखीच्यांकडून जुने घेत असाल तर प्रत्येक बकल लावून जोरात ओढा, शिवण उलटी करून पाहा.

आपल्याकडच्या सहली

उकाडा हा आपला खरा प्रश्न. छातीशी बांधलेल्या बाळाला आपल्या अंगाची ऊब मिळतेच, वर कोकणातली दमट हवा. एक सुती अंगडे पुरे. मानेमागे हात लावून पाहा: घाम किंवा चटका लागला तर सावलीत थांबून बाहेर काढा. दर अर्ध्या-पाऊण तासाने तसेही काढायचेच. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी नको, अंगावरचे दूध जास्त वेळा द्या.

नेरूळचे वंडर्स पार्क, खारघरचे सेंट्रल पार्क, सकाळच्या वेळी पामबीचकडेचा फेरफटका इथे कॅरिअर मस्त. कर्नाळ्याला अभयारण्यातल्या खालच्या सोप्या वाटेवर जा, पण बाळाला घेऊन किल्ल्याची चढण नको. पावसात वाट निसरडी असते, आणि सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. त्या उठल्या तर पाठीवर बाळ घेऊन पळणार कसे? माथेरान आणि एलिफंटाला माकडे असतात. पाठीमागच्या बाळाच्या हातात बिस्कीट दिलेत तर ते कोण काढून घेते, हे तुम्हाला दिसणारही नाही.

बोटीत बसल्यावर कॅरिअरची बकले सोडा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीचा अपघात झाला, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो. पाण्यात पडल्यास बांधलेले बाळ आपल्याबरोबर खाली जाते. बाळाच्या मापाचे लाइफ जॅकेट नसेल तर एलिफंटा बाळ मोठे झाल्यावर पाहा.

स्कूटर: कॅरिअर बांधून बाळाला दुचाकीवर नेऊ नका. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार, जी वर्षभरानंतर लागू झाली, चार वर्षांखालील मुलासाठी चालकाला बांधलेला सेफ्टी हार्नेस आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. ९ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही सक्तीचे. कॅरिअर म्हणजे हार्नेस नव्हे. कारमध्येही ते चाइल्ड सीटची जागा घेऊ शकत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

कॅरिअरमध्ये बाळ घरघरत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंग ढिले पडले असेल तर आधी बाळाला बाहेर काढून सपाट जागी उताणे ठेवा, मान सरळ करा, तळवे चोळा. लगेच सावरले तरी त्याच दिवशी तपासून घ्या. सावरले नाही तर १०८ ला फोन करा आणि शिकलेले कुणी असेल तर कृत्रिम श्वास व छातीवर दाब सुरू करा. लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडत असेल, दोन पायांची लांबी कमी-जास्त वाटत असेल किंवा चालायला लागल्यावर बाळ एका पायाने लंगडत असेल, तर कॅरिअर बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.