फाइल अपलोड होत नाही? सर्व्हर टेस्ट करताना अडचण नेमकी कुठे आहे ते असं शोधा

कॉलेजचा प्रोजेक्ट असो की स्वतःची छोटी वेबसाइट, लॉगिन चालतं, फॉर्म भरला जातो, पण फोटो अपलोड करायला गेलं की गाडी अडते. मग आपण दिसेल ती सेटिंग बदलत बसतो. त्याआधी एकच प्रश्न विचारा: फाइल कुठपर्यंत पोहोचली? ब्राउझरमधून निघालेली फाइल आधी वेब सर्व्हरकडे, मग पीएचपीकडे आणि शेवटी फोल्डरमध्ये जाते. ती कुठे थांबली हे कळलं की निम्मं काम झालं. इथे आपण एनजिनएक्स आणि पीएचपी ही जोडी धरून पाहू.

१. फोन सर्व्हरपर्यंत पोहोचतोय का?

सर्व्हर लॅपटॉपवर आणि टेस्ट फोनवरून करत असाल, तर फोनमध्ये लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ टाकून उपयोग नाही. त्या पत्त्यावर फोन स्वतःलाच शोधतो. दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि लॅपटॉपचा आयपी टाका. घरच्या वायफायवर तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो.

पीएचपीचा बिल्ट-इन सर्व्हर लोकलहोस्टवर सुरू केला असेल, तर तो फोनला दिसणार नाही. तो ०.०.०.० वर सुरू करावा लागतो. पण हे सार्वजनिक वायफायवर करू नका, तिथल्या इतरांनाही तो दिसू शकतो.

पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर वापरताय? तो फाइल देतो, घेत नाही. त्याच्याकडे अपलोड पाठवलं की ५०१ एरर येतो. तिथे सेटिंग शोधत बसू नका, सर्व्हरच बदला.

२. फॉर्म नीट आहे का?

फॉर्मची मेथड पोस्ट हवी आणि एनक्टाइप मल्टिपार्ट फॉर्म-डेटा हवा. एनक्टाइप विसरलात, तर सर्व्हरकडे फक्त फाइलचं नाव जातं, फाइल जात नाही. फाइल निवडायच्या इनपुटला नेम दिलंय ना, तेही बघा.

३. आकाराच्या तीन मर्यादा

बहुतेक जण इथेच अडकतात. काहीही बदललं नसेल तर मर्यादा अशा असतात:

• एनजिनएक्स: क्लायंट मॅक्स बॉडी साइझ, १ एमबी
• पीएचपी, एका फाइलसाठी: अपलोड मॅक्स फाइलसाइझ, २ एमबी
• पीएचपी, पूर्ण फॉर्मसाठी: पोस्ट मॅक्स साइझ, ८ एमबी

म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याचा ४-५ एमबीचा फोटो पहिल्याच दारात अडणार. हे तपासायला चार फाइल घ्या: काही केबीची, दीड एमबीची, ५ एमबीची आणि १० एमबीची. लहान फाइल गेली आणि दीड एमबीला ४१३ एरर आला, तर अडचण एनजिनएक्सची. ती मर्यादा २० एमबी केल्यावर दीडची गेली पण ५ एमबीची अडली, तर अडचण पीएचपीची. १० एमबीला फॉर्ममधली नाव-गावसकट सगळीच माहिती रिकामी आली, तर पोस्ट मॅक्स साइझ ओलांडली गेली आहे.

वाढवताना क्रम लक्षात ठेवा: पोस्ट मॅक्स साइझ नेहमी एका फाइलच्या मर्यादेपेक्षा जास्त हवी. बदलानंतर एनजिनएक्स रीलोड आणि पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट करा. तरीही फरक पडला नाही, तर पीएचपी-इन्फो उघडून कोणती आयएनआय फाइल वापरात आहे ते पाहा. उबुंटूमध्ये कमांड लाइनची आणि वेबची आयएनआय फाइल वेगवेगळी असते. काम झालं की पीएचपी-इन्फोचं पान काढून टाका.

४. एरर कोड वाचा

पीएचपी प्रत्येक फाइलसोबत एक आकडा देतो. तो स्क्रीनवर छापून बघा:

• ०: फाइल नीट आली
• १: आयएनआयमधली मर्यादा ओलांडली
• २: फॉर्ममध्ये लिहिलेली मर्यादा ओलांडली
• ३: फाइल अर्धवट आली, बऱ्याचदा नेट तुटल्यामुळे
• ४: फाइल निवडलीच नाही
• ६: तात्पुरतं फोल्डर सापडलं नाही
• ७: डिस्कवर लिहिता आलं नाही

५. कोड ०, तरी फाइल गायब?

पीएचपी आलेली फाइल आधी तात्पुरत्या जागी ठेवतो आणि काम संपलं की पुसतो. म्हणून ती मूव्ह अपलोडेड फाइल या फंक्शनने आपल्या फोल्डरमध्ये हलवावी लागते. हलवता येत नसेल, तर फोल्डर खरंच आहे का, डिस्क भरली आहे का आणि लिहिण्याची परवानगी आहे का ते पाहा. उबुंटूवर सर्व्हर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालतो. फोल्डर त्या युजरच्या मालकीचं करा. ७७७ परवानगी देऊन मोकळं होऊ नका, त्याने मशीनवरच्या प्रत्येक युजरला तिथे लिहिता येतं.

६. चालू झालं, आता दार लावा

अपलोड सुरू झालं म्हणजे कुणीही काहीही पाठवू शकतो. कुणी फोटोऐवजी पीएचपी फाइल टाकली आणि सर्व्हरने ती चालवली, तर अख्खी साइट त्याच्या हातात जाऊ शकते. म्हणून ठरावीक प्रकारच्याच फाइल घ्या, फाइलला स्वतः नवीन नाव द्या आणि अपलोडचं फोल्डर वेबसाइटच्या मुख्य फोल्डरबाहेर ठेवा. ब्राउझरने सांगितलेल्या फाइलच्या प्रकारावर विसंबू नका, तो सहज खोटा पाठवता येतो. लोकांचे आधार किंवा मार्कशीटचे फोटो घेणार असाल, तर हे केल्याशिवाय साइट लाइव्ह करू नका.