चारिका दोघांची : कँडी ते काठमांडू (१९५०–१९५६)

नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याकडे जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ या मार्गाने नागपूर गाठते. अशोक विजयादशमीच्या आधीचे दोन दिवस या फाट्यावर उभे राहिले, की दुसऱ्या वाटेचे महत्त्व सांगावे लागत नाही. जीप, टेम्पो, एस. टी. गाड्या, समोर बांधलेला पंचशील ध्वज, मागच्या बाजूला शिदोरीची गाठोडी आणि अंगावर पांढरी वस्त्रे ल्यालेली माणसे. त्यांत नवराबायको जोडीने निघालेली दिसतात, कडेवर मूल असते, सोबत म्हातारी आई असते. दीक्षाभूमीला एकटा माणूस क्वचितच जातो, कुटुंब जाते.

आम्ही हे दृश्य पाहिले तेव्हा दोन गोष्टी मनात आल्या. पहिली ध्वजाविषयीची. हा ध्वज सिंहलद्वीपात १८८५ साली प्रथम फडकला आणि पुढे जगभरच्या बौद्धांनी आपला म्हणून स्वीकारला. म्हणजे वारंगा फाट्यावरच्या टेम्पोवर जे फडकते आहे, त्याचा धागा समुद्रापलीकडे जोडलेला आहे. दुसरी गोष्ट त्या जोडप्यांविषयीची. ज्या दिवसाच्या स्मरणार्थ ही माणसे निघाली आहेत, त्या दिवशी धम्मदीक्षा घेणारे पहिले उपासक-उपासिका हेही एक दांपत्यच होते. त्या दांपत्याने दीक्षेपूर्वी व दीक्षेनंतर केलेल्या परदेश प्रवासांकडे आपण अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. बहुतेक चरित्रांतून ते ‘परिषदेस उपस्थिती’ अशा एका ओळीत संपतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्या प्रवासांचा हेतू आणि फलित तपासू इच्छितो.

चारिकेची परंपरा

धम्माचा इतिहास हा चालणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. तथागतांनी पहिल्या साठ अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी फिरण्यास सांगितले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही बजावले. कार्यकर्ते थोडे आणि वाटा पुष्कळ, हे त्यामागचे सरळ कारण. पुढे सम्राट अशोकाच्या काळात पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी दिशोदिशी धर्मप्रचारक पाठविले. ‘महावंसा’च्या नोंदीप्रमाणे अपरान्तात योनक धम्मरक्खित आले, महारट्ठात महाधम्मरक्खित आले आणि लंकेत महिंद गेले. त्यांच्यामागून बहीण संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन गेली. महाराष्ट्र आणि सिंहल यांना धम्म मिळाला तो असा एकाच पिढीत.

परंतु लंकेत जे टिकले ते येथे टिकले नाही. अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी येथे दगड उरले, संघ उरला नाही. म्हणून विसाव्या शतकात बाबासाहेबांना जो प्रवास करावा लागला, त्याची दिशा महिंदाच्या प्रवासाचीच होती, अर्थ मात्र उलटा होता. महिंद द्यावयास गेले होते. बाबासाहेब पाहावयास, विचारावयास आणि मागावयास गेले.

ख्रिस्ती मिशनांचा धडा

या प्रवासांमागे आणखी एक उदाहरण बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर होते, ते ख्रिस्ती मिशनांचे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. नॉट यांच्यासोबत त्यांची पत्नी रोक्साना होती. यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि १८३१ मध्ये ते अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) पोहोचले. मिशनरी दांपत्याच्या कामाची एक रीत होती. पतीने उपदेश करावा, पत्नीने मुलींना शिकवावे, आजाऱ्याकडे पाहावे. काही वर्षांनी दोघांनी मायदेशी परतावे, गावोगावच्या मंडळ्यांना भेटावे, केलेल्या कामाचा वृत्तान्त सांगावा, पुढील कामासाठी निधी जमवावा आणि पुन्हा जहाजावर चढावे. समुद्राच्या एका काठावर कार्यक्षेत्र आणि दुसऱ्या काठावर आधार देणारी माणसे असा हा पूल होता.

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ या विषयावरील इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती धर्म आशियात पसरला तो शिक्षण आणि वैद्यकीय सेवा यांच्या बळावर, आणि भिक्खू संघाने यातून शिकले पाहिजे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. आपणांस पुष्कळ भिक्खू नकोत, थोडे परंतु सुशिक्षित व सेवाभावी भिक्खू हवेत, हे त्यांचे मत होते. धम्माच्या पुनरुत्थानासाठी त्यांनी तीन गरजा सांगितल्या : सर्वांना वाचता येईल असा एक ग्रंथ, संघाच्या रचनेत व ध्येयात बदल, आणि जागतिक बौद्ध मिशन. पुढील सहा वर्षांचे प्रवास या तीन गरजांच्या पूर्तीसाठी झाले, असे आमचे प्रतिपादन आहे.

कँडी, १९५०

बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, २५ मे १९५० रोजी सिंहलद्वीपातील कँडी येथे दंतधातू विहारात जागतिक बौद्ध परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. डॉ. गुणपाल मललसेकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष. बाबासाहेब त्या वेळी भारताचे कायदामंत्री होते. ते माईसाहेब आणि पां. ना. राजभोज यांच्यासह विमानाने कोलंबोस गेले. अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसण्याचे मात्र त्यांनी नाकारले आणि निरीक्षक म्हणून उपस्थित राहिले.

त्यांना तेथे काय पाहावयाचे होते? बौद्ध देशांतील विधी व संस्कार कसे चालतात, धम्म मूळ स्वरूपात कितपत आचरला जातो, त्यावर अंधश्रद्धेची पुटे किती चढली आहेत आणि तो जनतेच्या जीवनात जिवंत आहे की नुसता परंपरेने चालला आहे. ही भक्ताची दृष्टी नव्हती, परीक्षकाची होती. ज्या धर्मात लाखो माणसांना न्यावयाचे, त्याचे आजचे रूप आपल्या डोळ्यांनी पाहून घेणे हे नेत्याचे कर्तव्यच होते.

परिषदेतील त्यांचे बोलणेही तसेच रोखठोक होते. बौद्ध राष्ट्रांनी एकमेकांशी बंधुभाव जोडला एवढ्याने आपले समाधान होत नाही. धम्माचा प्रसार करण्याचा आणि त्यासाठी त्याग करण्याचा निर्धार त्यांनी जाहीर केला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कोलंबोच्या तरुण बौद्ध संघटनेपुढे त्यांनी भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर व्याख्यान दिले. तेथील अस्पृश्यांनाही त्यांनी धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. परतताना त्रिवेंद्रम व मद्रास येथे त्यांचा मुक्काम झाला. त्याच जून महिन्यात औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव पुढे त्याला मिळाले. मराठवाड्यातील आमच्या कित्येक घरांत पहिला पदवीधर त्याच महाविद्यालयाने दिला.

रंगून आणि देहूरोड, १९५४

ब्रह्मदेशात बाबासाहेब १९५४ साली दोनदा गेले. मे महिन्यात रंगूनजवळ सहाव्या संगीतीला आरंभ झाला होता. पंतप्रधान ऊ नू यांचे सरकार त्या कार्यामागे उभे होते. डिसेंबरात तेथेच जागतिक बौद्ध परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले. या अधिवेशनात बाबासाहेबांनी यजमानांना न रुचणारी गोष्ट सांगितली. सण-उत्सवांत सजावटीवर जो अफाट पैसा खर्च होतो, तो इतर देशांतील धम्मप्रसारासाठी वापरला पाहिजे. मदत मागावयास गेलेला मनुष्य सहसा असे बोलत नाही. परंतु बाबासाहेब याचकाच्या भूमिकेत तेथे गेलेच नव्हते. धम्माच्या संपत्तीवर धम्माच्या जन्मभूमीचा हक्क आहे, या जाणिवेने ते बोलत होते.

ब्रह्मदेशाच्या बुद्धशासन समितीला त्यांनी एक निवेदन सादर केले. भारतात धम्मप्रसार कसा करावा याची ती योजनाच होती. सोपा बौद्ध ग्रंथ, धर्मांतराचा एकसारखा विधी, प्रचारकांना शिकविणारे विद्यालय, विहार व शिक्षणसंस्था आणि उपासकांतून नेमलेले धर्मप्रचारक या गोष्टी तीत होत्या. यांपैकी शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. हे प्रचारक चीवर घेतलेले भिक्खू असण्याची गरज नाही. ते वेतन घेणारे असावेत, विवाहित असले तरी चालेल, आरंभी अर्धवेळ काम करणारे असले तरी चालेल. भिक्खूंची संख्या अत्यल्प असलेल्या देशात धम्म वाड्यावस्त्यांवर न्यावयाचा, तर तो संसारी माणसांनीच न्यावा लागेल, हे त्यांनी नेमके ओळखले होते. तथागतांनी भिक्खूंना एकेकट्याने जाण्यास सांगितले. बाबासाहेबांनी गृहस्थाश्रमी माणसासाठीही चारिकेची वाट मोकळी केली.

रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात केली. मूर्ती बाहेरून आली होती, तिच्यावर छप्पर उभारणारे हात मात्र स्थानिक श्रमिकांचे होते. पुढच्याच वर्षी, ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभेची नोंदणी झाली. बाहेरच्या साहाय्याची वाट पाहत न थांबता घरची संघटना उभी करण्याचा हा निर्णय होता.

नागपूर आणि काठमांडू, १९५६

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात कुशीनाऱ्याचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि माईसाहेब यांना त्रिशरण-पंचशील दिले. चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. म्हणजे परदेशाने आम्हांला निधी फारसा दिला नसेल, परंतु दीक्षागुरू दिला. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा द्यावी, ही घटना रंगूनच्या निवेदनातील विचाराशी सुसंगतच होती.

त्या दिवशी आमचा वारंग्याचा परिसर हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. नागपूर आणि यवतमाळ मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला. तेव्हा या भागातून नागपुरास जाणे म्हणजे पैनगंगा ओलांडून दुसऱ्या राज्यात जाणे होते.

दीक्षेला महिना होतो न होतो तोच बाबासाहेब माईसाहेबांसह काठमांडूस गेले. जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन राजा महेंद्र यांच्या उपस्थितीत सुरू झाले होते. मधुमेहाने आणि पायांच्या वेदनेने शरीर खचले होते. तरीही २० नोव्हेंबर रोजी त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. सहा वर्षांपूर्वी कँडीस निरीक्षक म्हणून बसलेला मनुष्य आता लाखो बौद्धांचा नेता म्हणून बोलत होता. त्यानंतर लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनारा ही स्थळे पाहून ते ३० नोव्हेंबरला दिल्लीस परतले. १६ डिसेंबरला मुंबईत मोठा दीक्षा समारंभ व्हावयाचा होता. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून अंत्ययात्रेस आलेल्या प्रचंड जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली.

माईसाहेबांचे ऋण

या सर्व वृत्तान्तात माईसाहेब कोठे आहेत? कँडीस त्या आहेत, दीक्षाभूमीवर त्या आहेत, काठमांडूस त्या आहेत. त्या स्वतः डॉक्टर होत्या. पथ्य, औषध, इन्सुलिन यांचे वेळापत्रक सांभाळल्याशिवाय त्या प्रकृतीच्या माणसाला असे प्रवास घडणे कठीण होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपले आयुष्य लांबविण्याचे श्रेय माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांना दिले आहे. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

पुढे काय घडले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशय घेण्यात आला. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरूनही तो संशय वस्त्यांतून दीर्घकाळ बोलला गेला आणि त्या चळवळीपासून दूर पडल्या. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचा मरणोत्तर भारतरत्न सन्मान त्यांनी स्वीकारला. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले. कोणाचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जो समाज बुद्धिप्रामाण्य मानतो, त्याने ऐकीव गोष्टीवर कोणास दोषी ठरवू नये आणि नोंदीत असलेले श्रेय नाकारू नये. कालामांना तथागतांनी हेच शिकविले होते.

निष्कर्ष

मिशनरी दांपत्याच्या प्रवासामागे संपन्न मंडळ्यांचा आधार असे. बाबासाहेबांनी तसा आधार कँडीत शोधला, रंगूनमध्ये शोधला. आशेच्या मानाने तो थोडा मिळाला. मात्र या प्रवासांतून तीन गोष्टी निश्चित झाल्या. जगातील बौद्धांशी नाते जोडावयाचे, परंतु त्यांच्या रूढी डोळे मिटून घ्यावयाच्या नाहीत. मदत मागावयाची, परंतु ती मिळेपर्यंत काम थांबवावयाचे नाही. आणि धम्माचा भार शेवटी संसारी उपासक-उपासिकांनीच वाहावयाचा.

वारंगा फाट्याकडे येताना अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. तेथे मंडप घालणारे, पंगती वाढणारे, दान देणारे लोक शेतमजूर आहेत, शिक्षक आहेत, एस. टी. चे कर्मचारी आहेत. १९७८ च्या नामांतर आंदोलनात मराठवाड्यातील बौद्ध वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची झळ याच समाजाने सोसली आणि तरीही धम्म सोडला नाही. बाबासाहेब ज्या आधाराच्या शोधात समुद्र ओलांडून गेले, तो आधार पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर होता.

म्हणून अशोक विजयादशमीला फाट्यावरून जोडीने नागपूरकडे निघालेल्या उपासक-उपासिकांना आमची एकच विनंती आहे. परतल्यावर आपल्या वस्तीतील विहारात आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून मुलांना एकत्र बसवावे आणि धम्मग्रंथाचे एक पान समजावून सांगावे. रंगूनच्या निवेदनात मागितलेला विवाहित, अर्धवेळ धर्मप्रचारक तो हाच. त्याच्या नेमणुकीसाठी कोणत्याही समितीच्या मंजुरीची गरज नाही.