पंपावरील आरोप

बालाघाटच्या रस्त्यावर एखादी जुनी डिझेल जीप अडखळू लागली, की पहिला आरोप इंजेक्शन-पंपावर येतो. आम्हां वकिलांना हा न्याय घाईचा वाटतो. आरोपीचा पूर्वेतिहास तरी पाहावा.

रूडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या एंजिनात दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत जाई. त्यासाठी बोजड काँप्रेसर लागे. १९२७ साली बॉशने यांत्रिक पंपाचे कारखानी उत्पादन सुरू केले, आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६०-डी ही डिझेल मोटार निघाली. १९५४ च्या ३०० एस-एल मोटारीत अशाच पंपाने पेट्रोल फवारले जाऊ लागले. बंगळूरला १९५१ साली मायको कंपनी स्थापन झाली, व पुढे हे पंप भारतातही घडू लागले.

पंपातील प्लंजर व बॅरल ही जोडी मिलिमीटरच्या काही सहस्रांश फटीवर जुळविलेली असते; घाईने फिरविलेला एक स्क्रू निर्दोष पंपाचा बळी घेतो. म्हणून आधी फिल्टर व इंधनात शिरलेली हवा पाहावी. मग नोझलकडे जाणारी एकेक नळी क्रमाने सैल करावी. जी सैल केल्याने एंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तिचाच सिलिंडर कामचुकार. पंप शेवटी उघडावा. साक्षी तपासल्यावाचून शिक्षा देऊ नये, हा नियम लोखंडालाही लागू आहे.