ती जाणार कुठे? : मराठी नायिका आणि निवाऱ्याचा प्रश्न

'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वर्गात शिकवायला घेतली की एक प्रश्न हमखास येतो. यमू एवढे सगळे सोसते, मग ती घर सोडून का जात नाही? प्रश्न विचारणाऱ्या मुली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या असतात. त्यांच्या आया आणि थोरल्या बहिणी सकाळच्या लोकलने मुंबईला कामाला जातात. त्यामुळे बाई घराबाहेर पडते यात त्यांना काहीच नवल वाटत नाही. आम्ही अनेक वर्षे 'तो काळच तसा होता' असे उत्तर देऊन पुढच्या प्रकरणाकडे वळत आलो. एकदा मात्र तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली आणि तिने विचारले, "यमूला त्या वेळी भाड्याने खोली मिळाली असती का?" तो प्रश्न यमूपुरता नव्हता, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

त्यानंतर कात्रपला आमच्यापैकी एकीच्या घरी बसून आम्ही या विषयावर बरेच बोललो. 'काळ तसा होता' म्हणजे नेमके काय नव्हते? नायिकेचे स्वातंत्र्य तिच्या मनोधैर्यावरून मोजण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. ती बंडखोर की सोशिक, एवढ्यावर आपण थांबतो. घराबाहेर पडल्यावर त्या रात्री ती कोणत्या छपराखाली निजली असती, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारून पाहिला तर मराठी कादंबरीचा इतिहास थोडा वेगळा दिसतो. प्रत्यक्ष समाजात जिथवर आधाराची जागा तयार झाली होती, साधारण तिथवरच कादंबरीकाराने आपल्या नायिकेला नेले आहे, असे आम्हाला वाटते.

आरंभ अर्थातच बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'पासून करावा लागतो. पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा, कादंबरी 1857 ची. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, आणि पुढे स्वतःच विधवा होते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. हा शेवट आजच्या वाचकाला प्रचारकी वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु निवाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक रोखठोक वास्तव आहे. कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली होती. लग्न होईपर्यंत तिने राहायचे कुठे, याची तरतूद त्यात नव्हती. घर आणि जात दोन्ही सुटलेल्या बाईला सामावून घेणारा समाज लेखकाला दिसत होता तो ख्रिस्ती मंडळींचा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू व्हायला अजून सहा वर्षे होती. ते 1863 चे.

हरिभाऊ आपटे यांची यमू 1890 पासून 'करमणूक'मधून वाचकांसमोर येऊ लागली. 1893 मध्ये पुस्तक निघाले. यमूच्या कहाणीत सुखाचा काळ एकच, मुंबईच्या बिऱ्हाडाचा. तिथे ती वाचते, चार सुधारक कुटुंबांत वावरते, नवऱ्याशी बरोबरीने बोलते. पण ते बिऱ्हाड नवऱ्याच्या जिवावर उभे असते. रघुनाथराव जातात आणि त्यांच्याबरोबर बिऱ्हाडही जाते. यमूला पुन्हा त्याच एकत्र कुटुंबात आणले जाते, तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन होते, आणि तिचा शेवट ओढवतो. यमूजवळ विचार आहे, भाषा आहे. स्वतःची कथा ती स्वतःच सांगते. तिच्याजवळ नाही ते फक्त दार, आतून कडी लावता येईल असे.

'तो काळच तसा होता' हे उत्तर इथे अपुरे पडते. त्याच काळात काही दारे उघडू लागली होती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत सुरू झाले आणि 1890 मध्ये पुण्याला आले. विधवांचे केस उतरवणार नाही, अशी भूमिका मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने घेतली, तीही 1890 च्याच सुमारास. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला 1893 मध्ये, म्हणजे यमूचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. एक गोदूबाई तिथवर पोचली, यमू पोचली नाही. यामागचे कारणही त्याच वर्षात सापडते. धर्मांतराच्या वादळात शारदासदनातून अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. छप्पर होते, परंतु तिथे जायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार घरच्या पुरुषाकडे होता. गोदूबाईंच्या पाठीशी भाऊ उभा होता. यमूचा भाऊही सुधारणावादी आहे, तिच्यावर जीव लावणारा आहे. तरी सासरच्या सत्तेपुढे त्याचे काही चालत नाही. हरिभाऊंनी यमूला मारले, ही त्यांची भीरुता असे काही अभ्यासकांना वाटू शकते. आम्हाला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो.

कादंबरीबाहेरची रखमाबाई याच दशकातली. दादाजी भिकाजीने तिच्याविरुद्ध 1884 मध्ये दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले, आणि तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतली. तिचे धैर्य वादातीत आहे. परंतु खटला चालू असताना ती आईच्या घरी राहत होती, आणि तिच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता, म्हणून तिच्या विधवा आईला डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करता आले होते. 'नाही' म्हणणाऱ्या रखमाबाईच्या पाठीमागे एक घर होते. ते वजा केले तर तिची गोष्ट यमूच्या गोष्टीकडे कलू लागते.

यानंतरची मोठी नायिका म्हणजे विभावरी शिरूरकर यांच्या 'हिंदोळ्यावर' (1934) मधील अचला. लग्न मोडले आहे, पण कायद्याने ते मोडता येत नाही, अशा अवस्थेत ती विरागबरोबर लग्नावाचून राहण्याचा निर्णय घेते. या कादंबरीने आणि त्याआधीच्या 'कळ्यांचे निःश्वास' (1933) या संग्रहाने उठलेले वादळ वाङ्मयेतिहासात नोंदलेले आहे. त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. टोपणनावामागच्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. विधवांसाठी उभारलेल्या आश्रमाच्या आवारातून चाळीस वर्षांच्या आत अचलेसारखी नायिका लिहिणारी लेखिका तयार झाली. आश्रमाने छप्पर दिले, शिक्षणाने पगार दिला. तरी कायदा मागेच राहिला होता. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 मध्ये आला आणि देशभर 1955 मध्ये. अधल्या काळातल्या 'कुंकू' (1937) चित्रपटात नीरा म्हाताऱ्या नवऱ्याविरुद्ध शेवटपर्यंत झगडते, पण तिची सुटका होते ती नवऱ्याच्या आत्महत्येने. पटकथेलाही दुसरे दार सापडले नाही.

शांता निसळ यांच्या कादंबरीचे नावच 'बेघर' आहे. तिच्यावरून जब्बार पटेल यांनी 1982 मध्ये 'उंबरठा' केला. सुलभा महाजनला कोणी मारत नाही. प्रतिष्ठित सासर आहे, वकील नवरा आहे. ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते तेव्हा प्रथमच मराठी नायिकेच्या हाती स्वतःच्या नेमणुकीची खोली येते. पण त्याच आश्रमात तिला दिसते की निराधार बायकांचा निवारा त्यांचा तुरुंगही होऊ शकतो. नोकरी सोडून ती परतते, तर घरातली तिची जागा गेलेली असते. शेवटी ती गाडीत बसून निघते. कुठे, ते चित्रपट सांगत नाही.

ही सारी परंपरा प्रामुख्याने पांढरपेशा घरांतली आहे, हे मान्य केले पाहिजे. शांताबाई कांबळे यांचे आत्मकथन 'माज्या जल्माची चित्तरकथा' (1986) शेजारी ठेवले की ही मर्यादा उघड होते. नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर त्या बाहेर पडतात. आणि त्यांच्यापुढे प्रश्न नुसत्या छपराचा राहत नाही, शिक्षिका म्हणून बदली होईल त्या गावात दलित बाईला घर कोण देईल, असाही होतो. कादंबरीने हा प्रश्न फार उशिरा हाती घेतला.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. घर कोणाच्या नावावर आहे याचा विचार न करता त्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. तरी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर त्यातून वगळले. ती त्रुटी दूर व्हायला 2020 साल उजाडले. यमूच्या गोष्टीला तोवर 130 वर्षे झाली होती.

कात्रपमध्ये आता जिकडेतिकडे इमारती उभ्या आहेत. संध्याकाळी जिना चढताना आम्ही दारांवरच्या पाट्या वाचतो. बहुतेक पाट्यांवर पुरुषाचे नाव, काहींवर दोघांची, आणि एखाद्या दारावर फक्त बाईचे. बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात 2021 पासून मिळते. त्या पाटीमागे ती सवलत असेल, नाहीतर आणखी काही. तिची गोष्ट आम्हाला माहीत नाही, आणि ती विचारण्याचा आम्हाला अधिकारही नाही.

यंदा मात्र 'यमू का गेली नाही' असा प्रश्न आला की आम्ही तो फळ्यावर बदलून लिहितो : 'यमूला जाता यावे यासाठी काय काय असायला हवे होते?' मुली यादी करू लागतात. खोली, पगार, कायदा, पाठीशी उभे राहणारे एखादे माणूस. त्या यादीतले आपल्याजवळ काय आहे, हे ज्याचे त्याने मनात ताडून पाहावे. वर्गात ते सांगायची सक्ती नसते.