यंत्रमाग, भिवंडीतील जुने
कापडगिरण्यांनी मोडीत काढलेले धोट्याचे माग विकत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा चालविण्याची परंपरा ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे रुजली. मूळच्या हातमाग विणकामाला तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेवरील मागांची जोड मिळाली. अशा मागाचा बिडाचा सांगाडा दीर्घकाळ टिकतो. धोटा, तो फेकणारा दांडा, दंतचक्रे इ. भाग झिजतात व जॉबर ते बदलतो. त्यामुळे अल्प भांडवलावर विणकरास मागाचा मालक होता आले. मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर येथील व्यवसाय विस्तारला. पुढे वाढते वीजदर, सुताच्या भावांतील चढउतार आणि धोटाविरहित मागांची स्पर्धा यांमुळे कित्येक जुने माग भंगारात गेले. त्यांबरोबर जॉबरांचे अलिखित ज्ञानही लोपत आहे. म्हणून काही माग तरी चालू स्थितीत जतन होणे अगत्याचे आहे.