सातबारा, हायबरनेट आणि डॅपर

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. समजा, तेव्हा इथल्या प्रत्येक गावाची नोंद डेटाबेसमध्ये असती, तर गावापुढचं 'परभणी' काढून 'हिंगोली' लिहायला काय लागलं असतं? एसक्यूएलची एक अपडेट ओळ. पण हेच काम आपण जड ओआरएमकडून नेहमीच्या पद्धतीने करून घेतलं, तर ते एकेक गाव मेमरीत आणतं, जिल्हा बदलतं आणि प्रत्येकासाठी वेगळं अपडेट पाठवतं.

मग असली साधनं आली कशाला? सातबाराच घ्या. कागदावर तो एकच. वर गाव नमुना सात, त्यात मालक आणि क्षेत्र. खाली बारा, त्यात पिकं. डेटाबेसमध्ये मात्र खातेदार एका टेबलात, पिकं दुसऱ्यात, फेरफार तिसऱ्यात. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलेलं रिलेशनल मॉडेल ते हेच, सगळं ओळी-रकान्यांत. प्रोग्रामरला मात्र अख्खा सातबारा एक ऑब्जेक्ट म्हणून हवा असतो. ही सांगड घालणारं साधन म्हणजे ओआरएम. जावात गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एन्टिटी फ्रेमवर्क आलं. एसक्यूएल हाताने लिहायचा त्रास बराच वाचला.

वाचला, पण लपलाही. गावात ५०० खाती असतील आणि प्रत्येकाची पिकं 'लागतील तेव्हा' आणायची असतील, तर यादीची एक क्वेरी आणि वर आणखी ५००. कोडमध्ये दिसतो फक्त एक साधा लूप! स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांची अडचण थोडी वेगळी होती. लिंक-टू-एसक्यूएल दर वेळी क्वेरी तयार करण्यातच प्रोसेसरचा वेळ खात होतं. म्हणून सॅम सॅफ्रन आणि मार्क ग्रॅव्हेल यांनी २०११ मध्ये डॅपर आणलं. एसक्यूएल तुमचं, डॅपर फक्त ओळींचे ऑब्जेक्ट करून देणार. बस्स.

तर मग डॅपरच घ्यावं का? आमचं मत : वाचायला, याद्यांना, अहवालांना, जरूर. फेरफाराला मात्र थांबा. वारसाची नोंद एकाने उघडली, त्याच गटाची खरेदीखताची नोंद दुसऱ्याने. दोघांनी जतन केलं, तर नंतरचा आधीच्याला पुसून टाकू शकतो, आणि एखाद्या बहिणीचा हिस्सा गुपचूप जातो. हायबरनेटमध्ये आवृत्तीचा रकाना एकदा जाहीर केला की दर अपडेटला तपासणी आपोआप होते. जुनी प्रत घेऊन आलेल्याला एरर मिळते. डॅपरमध्ये ती अट प्रत्येक अपडेटमध्ये आपण स्वतः लिहायची. एका ठिकाणी राहिली, तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो.

दोन्ही प्रकारची साधनं एकाच प्रकल्पात ठेवायलाही कुणाची मनाई नाही. फेरफार जड साधनातून, गावाची यादी हलक्यातून, डेटाबेस तोच.