शपथ कोणाची? रोमन सैन्यातील आज्ञापालन आणि आद्य ख्रिस्ती श्रद्धा

प्रास्ताविक

लॅटिन भाषेतील ‘साक्रामेंतुम’ या शब्दाचा प्रवास इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे. रोमन सैन्यात दाखल होणारा तरुण प्रजासत्ताकाच्या काळात सेनापतीशी आणि पुढे साम्राज्यकाळात सम्राटाशी निष्ठेची जी शपथ घेत असे, तिला हा शब्द होता. उत्तर आफ्रिकेतील लॅटिनभाषक ख्रिस्ती लेखकांनी हाच शब्द बाप्तिस्मा व प्रभुभोजन या विधींसाठी स्वीकारला. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती बोलीत पोर्तुगीजमार्गे आलेला ‘साक्रामेंत’ हा शब्द त्याचाच वंशज होय. मराठीत त्यासाठी ‘संस्कार’ हा शब्द रूढ आहे. तो आपल्या परंपरेला जवळचा असला, तरी त्यातून शपथेचा अर्थ पूर्णपणे गळून पडतो. आणि त्याबरोबरच आद्य ख्रिस्ती इतिहासातील एका तीव्र संघर्षाचे मूळही नजरेआड होते.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती माणसाने सैन्यात राहावे की नाही, या प्रश्नावर आधुनिक काळात पुष्कळ लेखन झाले आहे. आडॉल्फ फॉन हार्नाक यांच्या १९०५ मधील ग्रंथाने या चर्चेला वळण दिले. सी. जे. कॅडू यांनी १९१९ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या छायेत, आद्य ख्रिस्ती लोकांचा नकार मुख्यतः मनुष्यहत्येला होता असे मांडले. उलट जॉन हेल्जलंड यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात सैन्यातील मूर्तिपूजा व सम्राटपूजा यांवर भर दिला. दोन्ही पक्षांजवळ पुरावे आहेत. परंतु दोन्ही पक्ष सैनिकाला काय करण्याची आज्ञा होती एवढेच विचारतात. मूळ साधने वाचताना असे जाणवते की, त्या काळच्या माणसांना त्याहून मोठा वाटणारा प्रश्न वेगळा होता : आज्ञा कोणाची, आणि आधी दिलेला शब्द कोणाला? प्रस्तुत लेखात याच अंगाने या साधनांचा विचार केला आहे.

कफर्णहूमचा शताधिपती

मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत कफर्णहूम येथील एका सैनिकी अधिकाऱ्याची कथा येते. मराठी पवित्र शास्त्रात त्याला ‘शताधिपती’ म्हटले आहे. गालील प्रांतावर त्या वेळी हेरोद अंतिपाची सत्ता होती. त्यामुळे हा अधिकारी रोमन लीजनमधील असेलच असे नाही. त्याचा चाकर आजारी आहे. येशूने घरी येण्याची गरज नाही, नुसता शब्द उच्चारावा, असे तो कळवतो आणि त्याचे कारण स्वतःच्या नोकरीतून देतो. आपणही अधिकाराखालचे आहोत आणि आपल्या हाताखाली शिपाई आहेत, असे त्याच्या बोलण्याचे तात्पर्य आहे.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध सहसा दुर्लक्षिला जातो. आपण हुकूम सोडतो म्हणून आपल्याला सत्तेचे स्वरूप कळते, असे हा अधिकारी म्हणत नाही. आपण स्वतः कोणाच्या तरी आज्ञेत आहोत, येथून तो सुरुवात करतो. त्याच्या शब्दाला वजन आहे, कारण तो शब्द केवळ त्याचा नाही; त्यामागे वरच्या सत्तांची साखळी उभी आहे. येशूच्या अधिकाराचे मर्म एका परधर्मीय शिपायाला याच अनुभवातून उमगावे, हे विलक्षण आहे. येशू त्याच्या विश्वासाची प्रशंसा करतो. नोकरी सोडण्यास मात्र सांगत नाही. सैन्यसेवेचे समर्थक शतकानुशतके या मौनाचा आधार घेत आले, तर विरोधकांच्या मते मौन म्हणजे संमती नव्हे.

सैन्याचा आदर्श ख्रिस्ती मंडळीनेही लवकरच उचलला. इ.स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पाठविलेले पत्र क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. करिंथमध्ये काही लोकांनी वडीलमंडळींना पदच्युत केले होते. त्यांना समज देताना हे पत्र रोमन सैन्याकडे बोट दाखवते : सगळेच सेनाधिकारी नसतात, प्रत्येक जण आपल्या जागी राहून वरच्याची आज्ञा पार पाडतो. नीरोच्या छळाला तेव्हा जेमतेम तीस वर्षे उलटली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या उपमेचे आश्चर्य वाटते. उपवासाच्या दिवसांना लॅटिन ख्रिस्ती ‘स्तातिओ’, म्हणजे पहाऱ्याची चौकी, म्हणत. हा शब्द सैन्यातून आला असे टर्टुलियन स्वतःच नोंदवतो. आज्ञापालनाचे पाठ ज्या शाळेत गिरवले, त्याच शाळेशी पुढे या मंडळीचा झगडा झाला.

छावणीतील धर्म

रोमन छावणीत नोकरी आणि धर्म अशी फारकत नव्हती. सिरियातील दुरा-युरोपोस येथे सापडलेल्या एका पपायरसवर, साधारण इ.स. २२५ ते २२७ च्या सुमारास तेथील पलटणीने पाळावयाच्या धार्मिक दिवसांची यादी आहे. रोमच्या देवतांचे सण, दिवंगत व देवपद पावलेल्या सम्राटांचे जन्मदिवस, विद्यमान सम्राटासाठी करावयाचे नवस आणि त्या त्या दिवशी बळी द्यावयाचे बैल यांचा हा सरकारी तक्ताच आहे. शपथेचे नूतनीकरण वर्षारंभी होई. निशाणांना पूज्य मानले जाई. मराठी माणूस धन्याशी असलेले नाते खाल्ल्या मिठाला जागण्याच्या भाषेत मांडतो. रोमन सैनिकाचे नाते मिठापाशी थांबत नव्हते, त्याला देवांची साक्ष होती.

याच दुरा-युरोपोसमध्ये तिसऱ्या शतकातील एक ख्रिस्ती प्रार्थनागृहही उत्खननात मिळाले आहे. बळींचा तक्ता आणि बाप्तिस्म्याचे कुंड एकाच तटबंदीच्या आत होते. इस्रायलमधील मगिद्दो येथे २००५ मध्ये तुरुंगाच्या आवारात सापडलेला मोझेकचा जमिनीचा पट तर अधिकच बोलका आहे. तो सर्वसाधारणपणे तिसऱ्या शतकातील मानला जातो. गायानस नावाच्या शताधिपतीने स्वखर्चाने तो करवून घेतला, असे त्यावरील ग्रीक लेख सांगतो. त्याच पटावरील दुसऱ्या एका लेखात येशू ख्रिस्ताचा उल्लेख देव म्हणून आहे. तेव्हा ख्रिस्ती धर्म आणि सैन्याधिकार एकत्र नांदत होते, हे नाकारता येत नाही. धर्मगुरूंचे लेखन आणि छावणीतील व्यवहार यांत अंतर होते. ते अंतर कसे पार केले जाई, याविषयी गायानसने आपल्याला काही सांगितलेले नाही.

हे अंतर सर्वांत बोचले ते टर्टुलियनला. इ.स. २११ च्या सुमारास सम्राटांकडून सैनिकांना बक्षिसी वाटली जात असताना एका सैनिकाने डोक्यावर पानांचा मुकुट घालण्याऐवजी तो हातात धरला. ट्रिब्यूनने कारण विचारताच त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली. या प्रसंगावर टर्टुलियनने ‘मुकुटाविषयी’ हा प्रबंध लिहिला. त्यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या रांगेत इतर ख्रिस्ती सैनिकही होते आणि त्यांनी मुकुट घातले होते. शिवाय एका मुकुटापायी दीर्घकाळची शांतता धोक्यात आणल्याबद्दल ख्रिस्ती मंडळीतील लोकच त्या सैनिकावर नाराज झाले होते. टर्टुलियनचा स्वभाव टोकाचा होता, हे खरे. पण त्याचा युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी माणूस ख्रिस्ताच्या सैन्यात दाखल होतो. ती शपथ आधीची आणि वरची. तिच्यावर दुसरी, मानवी शपथ चढवता येत नाही. तलवार आणि रक्तपात यांविषयीही तो कठोरपणे लिहितो, परंतु त्याच्या विवेचनात शपथेचा मुद्दा पायाभूत आहे. हिप्पोलिटसच्या नावे असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या नियमसंग्रहातही सैनिकाला दोन्ही मनाई एकत्र येतात : हुकूम झाला तरी ठार मारू नये, आणि शपथ घेऊ नये.

तेबेसा आणि तिंगिस

१२ मार्च २९५ रोजी आजच्या अल्जीरियातील तेबेसा येथे प्रोकॉन्सल दिओनपुढे एकवीस वर्षांचा मॅक्सिमिलियन उभा करण्यात आला. त्याच्या खटल्याचा वृत्तान्त उपलब्ध आहे. त्याच्या काही भागांविषयी अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या असल्या, तरी या विषयातील तो अत्यंत मोलाचा दस्तऐवज आहे. भरतीसाठी त्याची उंची मोजली जाते, ती नोंदवली जाते. सैन्यात गळ्यात घालावयाची शिशाची मुद्रा त्याच्यापुढे येते. आपल्यावर ख्रिस्ताची मुद्रा आधीच आहे, म्हणून ही घेणार नाही, असा त्याचा पवित्रा आहे. दिओन क्रूर दिसत नाही. तो तरुणाला त्याच्या वयाची आठवण देतो, आणि मग त्याच्या दृष्टीने निरुत्तर करणारा दाखला देतो : चारही सम्राटांच्या खास पथकांत ख्रिस्ती सैनिक आहेत आणि ते चाकरी करतात. त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, आपण मात्र ख्रिस्ती आहोत, अशा आशयाचे उत्तर मॅक्सिमिलियन देतो. इतर ख्रिस्ती सैनिकांचा तो धिक्कार करीत नाही. टर्टुलियनपेक्षा हा सूर फार निराळा आहे.

या खटल्यात आणखी एक व्यक्ती उपस्थित आहे : मॅक्सिमिलियनचा पिता फाबियुस व्हिक्टर. भरतीच्या कराशी संबंधित जबाबदारी त्याच्यावर होती. त्या नात्यानेच तो मुलासह तेथे आला आहे. मुलासाठी त्याने सैनिकाचे नवे कपडेही तयार ठेवले होते. रोमन कायद्यात पित्याचा मुलावरील अधिकार सर्वश्रुत आहे. दिओन त्याला मुलाची समजूत घालण्यास सांगतो. पिता ते नाकारतो; मुलाला आपले हित कळते, एवढेच म्हणतो. सरकारने एका सत्तेच्या मदतीला दुसरी सत्ता बोलावली आणि ती आली नाही. निष्ठाहीन वृत्तीने सैनिकी शपथ नाकारल्याबद्दल मॅक्सिमिलियनला तलवारीने देहदंड दिला गेला. ते नवे कपडे वधकर्त्या शिपायाला द्यावेत, अशी विनंती त्याने पित्याला केली. पिता आनंदाने घरी परतला, असे वृत्तान्त सांगतो. या आनंदाचे काय करावे, हे आधुनिक वाचकाला चटकन समजत नाही.

तिंगिस (आजचे तांजियर) येथील मार्सेलसचे प्रकरण तीन वर्षांनंतरचे, इ.स. २९८ चे. तो भरतीला आलेला तरुण नव्हता. सेवेत असलेला शताधिपती होता. सम्राटांच्या जन्मदिवसाच्या मेजवानीत त्याने निशाणांसमोर कमरपट्टा काढून फेकला आणि यापुढे शाश्वत राजा ख्रिस्ताचीच सेवा करणार, असे जाहीर केले. ३० ऑक्टोबर रोजी अग्रिकोलानसपुढे झालेल्या चौकशीत भर होता तो शपथभंगावर. मॅक्सिमिलियनने शपथ घेतलीच नाही, मार्सेलसने घेतलेली शपथ टाकली. सैनिकी न्यायाच्या दृष्टीने दुसरा अपराध अधिक गंभीर. बंडखोराची भाषा मात्र या दोघांपैकी कोणाचीच नाही. दोघेही चाकरी, राजा, मुद्रा हेच शब्द वापरतात. हुकूमशाहीला नकार देणाऱ्या आधुनिक व्यक्तिस्वातंत्र्यवाद्याचे चित्र त्यांच्यावर चिकटवणे अनैतिहासिक ठरेल. त्यांनी आज्ञापालन नाकारले नाही. आज्ञा देणारा कोण, याविषयी त्यांचे मत शासनाहून भिन्न होते.

आर्लची परिषद आणि नंतर

इ.स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाईन रोमचा स्वामी झाला. दोनच वर्षांनी त्याने बोलावलेल्या आर्लच्या परिषदेने (३१४) आपल्या तिसऱ्या नियमात ठरविले की, शांततेच्या काळात जे शस्त्रे टाकतात त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. ‘शांतता’ म्हणजे युद्ध नसण्याचा काळ की छळ थांबल्याचा काळ, यावर वाद आहे. दुसरा अर्थ अधिक संभाव्य वाटतो. कसेही असले तरी, मार्सेलसने जे केले ते करणारा सैनिक सोळा वर्षांनंतर आपल्याच मंडळीच्या शिक्षेस पात्र झाला.

याउलट ३२५ च्या निकेया परिषदेचा बारावा नियम पाहावा. ज्यांनी एकदा कमरपट्टा टाकला आणि नंतर लाच देऊनही पुन्हा सैन्यात शिरले, त्यांना त्यात एकूण तेरा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. येथे संदर्भ बहुधा पूर्वेकडील लिसिनियसच्या सैन्याचा आहे. त्याने सैनिकांवर बळी देण्याची सक्ती केली होती. म्हणजे अकरा वर्षांच्या अंतराने एका परिषदेने शस्त्र टाकणाऱ्याला दोषी ठरविले आणि दुसरीने पुन्हा उचलणाऱ्याला. यात विसंगती दिसते ती केवळ हिंसेच्या कसोटीवर. सम्राट कोण, या कसोटीवर दोन्ही नियम एकमेकांशी जुळतात.

या व्यवस्थेला तात्त्विक रूप दिले ते ऑगस्टीनने. मूर्तिपूजक ज्युलियनच्या (राज्यकाल ३६१–३६३) सैन्यातील ख्रिस्ती सैनिकांनी शत्रूवर चालून जाण्याची आज्ञा पाळली, धूप जाळण्याची पाळली नाही. हा दाखला तो प्रशंसेने देतो. फाउस्टसच्या खंडनात तो आणखी पुढे जातो. आज्ञा ईश्वराविरुद्ध आहे अशी खात्री नसेल, तर अधर्मी राजाच्या हुकमाने लढणारा सैनिकही निर्दोष राहू शकतो. दोष हुकूम देणाऱ्याचा. शताधिपतीने ज्या साखळीचे वर्णन केले, तीच ही साखळी आहे, पण तिचा उपयोग बदलला आहे. तेथे ती शब्दाचे सामर्थ्य कोठून येते हे सांगत होती. येथे ती दोष कोठे जातो हे सांगते. माझ्या मते आद्य ख्रिस्ती विचारातील निर्णायक वळण कॉन्स्टंटाईनच्या विजयापेक्षा या वाक्यार्थात अधिक आहे. कारण त्यानंतर संशयाचा फायदा सैनिकाच्या सद्सद्विवेकाला मिळण्याऐवजी आज्ञेला मिळू लागला.

विरोधाचे सूर लोपले नाहीत. सुल्पिसियस सेवेरसच्या चरित्रानुसार मार्टिनने ३५६ मध्ये वर्म्सजवळ सैन्याला बक्षिसी वाटली जात असताना ती नाकारली आणि भित्रेपणाचा आरोप होताच निःशस्त्र होऊन आघाडीवर उभे राहण्याची तयारी दाखविली. पुढे तो तूरचा बिशप झाला. परंतु छावणीतील दैनंदिन व्यवहार व्हेजेशियसच्या सैन्यशास्त्रावरील ग्रंथातून कळतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतरच्या काही दशकांत लिहिताना त्याने सैनिकाच्या शपथेचा आशय नोंदविला आहे. सम्राटाची प्रत्येक आज्ञा झटून पाळण्याचे, सेवा सोडून न जाण्याचे व मरण न नाकारण्याचे वचन त्यात पूर्वीसारखेच आहे. शपथ मात्र आता देव, ख्रिस्त आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने घेतली जाते. आणि त्यांच्यामागोमाग, त्याच वाक्यात, सम्राटाच्या महिम्याचीही.